पुण्यात जन्मलेला थेनीचा देव

१५ जानेवारीला आपल्याकडे संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात शिल्लक असतो. त्याच सुमाराला तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात पोंगल चालू असतो. दारासमोर चूल, चुलीवर नवं मडकं, मडक्यात नव्या तांदळाचा गोड भात. इथपर्यंत सगळं तमिळनाडूत सगळीकडे असतं तसंच. पण इथल्या काही गावांत हे मडकं चढतं ते एका इंग्रज साहेबाच्या फोटोसमोर. भरघोस मिशा, करारी चेहरा आणि फोटोला झेंडूचा हार. थेनीच्या बसस्टँडला या साहेबाचं नाव आहे. शेतकऱ्यांच्या घरांत त्याचं नाव दिलेली मुलंही आहेत. म्हणजे बाप भातशेती करणारा तमिळ माणूस आणि मुलाचं नाव पेनिक्विक!

कर्नल जॉन पेनिक्विक. जन्मतारीख १५ जानेवारी १८४१. जन्मगाव पुणे.

हे वाचलं तेव्हा मी तीनदा तपासून पाहिलं. पुण्यात वाढूनही हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. केरळ आणि तमिळनाडूत मात्र ते शाळकरी पोरांनाही माहीत आहे, कारण त्याने बांधलेल्या धरणावरून ही दोन राज्यं गेली कित्येक वर्षं भांडतायत. धरणाचं नाव मुल्लपेरियार. बातम्यांत तुम्ही ते ऐकलं असेल आणि माझ्यासारखंच चॅनेल बदललं असेल.

जॉनचे वडीलही जॉनच, ब्रिटिश सैन्यात ब्रिगेडियर. १३ जानेवारी १८४९ रोजी पंजाबात चिलियनवालाची लढाई झाली. इंग्रज आणि शीख सैन्याची ही लढाई भयंकर रक्तपाताची होती. त्यात वडील पडले. त्यांच्याबरोबर लढणारा थोरला भाऊ अलेक्झांडरही पडला. तो फक्त सतरा वर्षांचा होता. वडिलांच्या मृतदेहापाशी उभा राहून लढताना तो मारला गेला, असं सांगतात. धाकट्या जॉनचा आठवा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता.

घरात सैन्याचीच परंपरा, त्यामुळे जॉनही त्याच वाटेने गेला, पण थोडा वेगळा. इंग्लंडमधल्या अ‍ॅडिस्कोंबच्या लष्करी कॉलेजात ईस्ट इंडिया कंपनीचे इंजिनियर तयार व्हायचे. तिथे तो शिकला, मद्रास इंजिनियर्समध्ये लागला आणि १८६०मध्ये भारतात परत आला. मधे अ‍ॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या मोहिमेवर गेला. बाकी नोकरी मद्रास इलाख्याच्या बांधकाम खात्यात. रस्ते, कालवे, तलाव. या वीसेक वर्षांत लिहिण्यासारखं फार नाही. खरी गोष्ट १८८२मध्ये सुरू होते.

आधी जागा समजून घेऊ. सह्याद्री पार खाली केरळपर्यंत जातो. त्याच्या पश्चिमेला धो धो पाऊस आणि पूर्वेला मदुराईच्या बाजूला पर्जन्यछाया. म्हणजे महाबळेश्वर आणि माणदेश डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेकडच्या जंगलात पेरियार नदी उगम पावते आणि भरभरून वाहत अरबी समुद्राला मिळते. पूर्वेकडची वैगई नदी मात्र वर्षातला बराच काळ कोरडी. पेरियारचं पाणी डोंगरापलीकडे वैगईत सोडता आलं तर? ही कल्पना काही इंग्रजांची नव्हे. रामनाडच्या राजाचे प्रधान मुत्तिरुळप्प पिळ्ळै यांनी १७८९मध्येच ती मांडली होती. पैसे नव्हते म्हणून राहिली. नंतर १८०८मध्ये कॅप्टन कॅल्डवेल नावाच्या अधिकाऱ्याने पाहणी केली आणि हे काम होण्यासारखं नाही असं ठरवून टाकलं. पुढे १८६७मध्ये आणखी एक योजना निघाली, मातीच्या धरणाची. तीही बारगळली.

मग १८७६ ते १८७८ या काळातला दुष्काळ आला. दक्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात लाखो माणसं मेली. मदुराईकडची तर दशा झाली. फाइलवरची धूळ झटकली गेली आणि १८८२मध्ये नवा आराखडा करायचं काम पेनिक्विककडे आलं.

आपल्याकडे कोयनेचं आणि मुळशीचं पूर्वेला जाणारं पाणी डोंगरातून पश्चिमेला कोकणात उतरवतात, वीज करतात. पेनिक्विकने त्याच्याही आधी उलटा प्रकार केला. पश्चिमेला जाणारी नदी अडवली, तिला मागे फुगवली आणि डोंगराच्या पोटातून मैलभराहून लांब बोगदा काढून पूर्वेला वळवली. धरण दिसतं एका बाजूला आणि पाणी निघतं दुसऱ्याच बाजूला. ऐकायला सोपं वाटतं. पण जागा होती समुद्रसपाटीपासून जवळपास तीन हजार फूट उंचीवर, घनदाट जंगलात. रस्ता नाही, वस्ती नाही. हत्ती, वाघ आणि या दोघांपेक्षाही वाईट म्हणजे मलेरिया.

ही जमीन त्रावणकोर संस्थानाची. संस्थान बरीच वर्षं राजी नव्हतं. शेवटी २९ ऑक्टोबर १८८६ रोजी करार झाला. सुमारे आठ हजार एकर जमीन, एकरी वर्षाला पाच रुपये भाडं, म्हणजे वर्षाचे चाळीस हजार. तेही रोख नाही, त्रावणकोर इंग्रजांना जी खंडणी द्यायचं त्यातून वजा. आणि मुदत? ९९९ वर्षं. आकडा चुकलेला नाही. करार २८८५ साली संपतो.

काम १८८७मध्ये सुरू झालं. मद्रास पायोनियर्सच्या पलटणी आणि हजारो मजूर त्या रानात राहायला गेले. धरण बांधायचं तर आधी नदी बाजूला सारावी लागते, मगच पाया खोदता येतो. त्यासाठी तात्पुरता बांध घालायचा. तिथे पाऊस दोनदा पडतो. जून ते सप्टेंबर आपल्यासारखाच आणि मग ऑक्टोबरपासून ईशान्येचा. कोरडे दिवस हातात किती राहतात ते बघा. बांध घालायचा, पूर यायचा, बांध वाहून जायचा. पुन्हा घालायचा, पुन्हा वाहून जायचा. चुन्याचे दगड पूर्वेकडच्या सपाटीवरून तारेच्या रोपवेने डोंगरावर चढवले जायचे.

या काळातली एक गोष्ट थेनीत प्रत्येक जण सांगतो. पुरांना कंटाळून सरकारने पैसे बंद केले. मग पेनिक्विक इंग्लंडला गेला, स्वतःची मालमत्ता आणि बायकोचे दागिने विकले आणि त्या पैशातून धरण पुरं केलं. गोष्ट भारी आहे. मला ती खरी ठरायला हवी होती. पण अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली आहे आणि तिला कागदोपत्री आधार मिळत नाही. धरण मद्रास सरकारच्या तिजोरीतून झालं. माझं मत विचाराल तर पेनिक्विकला या गोष्टीची गरजच नाही. पूर, ताप आणि जंगल यांच्याशी झगडत आठ वर्षं एका कामाला चिकटून राहणं पुरेसं मोठं आहे. शिवाय दागिन्यांच्या गोष्टीमुळे दुसरीच एक गोष्ट मागे पडते. धरणाच्या उत्तरेला एक दफनभूमी आहे. काम चालू असताना रोगराईने मेलेली ४८३ माणसं तिथे पुरली आहेत. त्यांचे फोटो कुणाच्या घरात नाहीत.

१८९५च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते उद्घाटन झालं. पायापासून १७६ फूट उंच, १२०० फूट लांब भिंत. बाहेरून दगडी बांधकाम आणि आतल्या पोटात चुना, वाळू, सुरखी आणि खडीचं काँक्रीट. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेचा भुगा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत वापरलेली असते तीच. पाणीसाठा साधारण साडेपंधरा टीएमसी.

पेनिक्विक पुढच्याच वर्षी इंग्लंडला गेला आणि भारतासाठी इंजिनियर तयार करणाऱ्या कूपर्स हिलच्या कॉलेजचा प्रमुख झाला. ब्रिस्बेन नदीच्या पुराचं काय करावं हे विचारायला ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड सरकारने त्याला बोलावलं होतं. ९ मार्च १९११ रोजी इंग्लंडमध्ये कँबर्लीला तो वारला. मागे बायको, पाच मुली आणि एक मुलगा.

माणसाचं चरित्र इथे संपतं. धरणाचं चालूच राहिलं.

आधी फायद्याचं बोलू. बोगद्यातून पलीकडे पडलेल्या पाण्याने कंबम खोरं हिरवं झालं. भाताची दोन पिकं निघायला लागली. आज तिथली द्राक्षं प्रसिद्ध आहेत. थेनी, मदुराई, दिंडिगल, शिवगंगा, रामनाथपुरम अशा पाच जिल्ह्यांना हे पाणी कमीजास्त पोचतं आणि भिजणारं क्षेत्र सुमारे दोन लाख एकर सांगितलं जातं. मदुराई शहराचं पिण्याचं पाणीही यातलंच. १९५०च्या दशकात याच पाण्याच्या उतारावर लोअर कॅम्पला वीजघर आलं. आणि केरळच्या बाजूला? भिंतीमागे पसरलेला तलाव म्हणजेच थेक्कडी. ट्रिपला जाऊन बोटीतून हत्ती बघतो ना, ते. पाण्यात उभे असलेले वाळके बुंधे म्हणजे १८९५मध्ये बुडालेलं जंगल आहे. त्या काठावरच पुढे पेरियार व्याघ्र प्रकल्प उभा राहिला.

आता दुसरी बाजू. हे धरण गुरुत्व प्रकारचं आहे. म्हणजे पाण्याच्या रेट्यापुढे ते फक्त स्वतःच्या वजनावर उभं आहे. वजन कमी झालं की संपलं. आणि चुन्याच्या बांधकामाची खोड अशी की पाणी झिरपत राहिलं तर त्याबरोबर चुनाही विरघळून बाहेर येतो. तसा तो आला. १९३०च्या दशकात आणि पुन्हा १९६०च्या सुमाराला भिंतीत भोकं पाडून दाबाने सिमेंट भरावं लागलं.

दुसरी अडचण पेनिक्विकच्या हातातलीच नव्हती. भिंतीखाली आणि भिंतीत शिरलेलं पाणी तिला खालून वर उचलायला बघतं. त्या काळातले इंजिनियर हा दाब हिशोबात धरत नसत. २७ एप्रिल १८९५ रोजी फ्रान्समधलं बूझे धरण फुटलं, ८०हून जास्त माणसं गेली आणि त्यानंतर हा दाब मोजायला लोक शिकले. साल बघा. मुल्लपेरियारचं उद्घाटन व्हायला अवघे साडेपाच महिने होते आणि भिंत उभी झाली होती. भूकंपाचा हिशोब तर तेव्हा कुणीच करत नव्हतं.

११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू धरण फुटलं आणि मोरबीत हजारोंनी माणसं मेली. केरळात घबराट पसरली. केंद्रीय जल आयोगाच्या लोकांनी मुल्लपेरियारची पाहणी केली. पूर्ण भरल्याची पातळी १५२ फूट होती, ती १३६ फुटांवर आणली आणि डागडुजी सुरू झाली. ही डागडुजी मला समजून घ्यायला दोन दिवस लागले, पण ती भन्नाट आहे. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा जाड थर चढवला, वजन वाढावं म्हणून. वरून खालपर्यंत भोकं पाडून पोलादी दोर खालच्या कातळात पक्के रोवले, म्हणजे भिंत जमिनीला शिवून टाकली म्हणा. आणि पाठीमागून काँक्रीटची नवी भिंत टेकू म्हणून जोडली. झिरपणारं पाणी मोजायला तिच्यात गॅलऱ्या ठेवल्या. पूर सोडायची दारं दहाची तेरा केली. आपल्या भंडारदरा धरणाला १९६९मध्ये तडे गेले होते, तेव्हा तिथेही असेच दोर आणि टेकू वापरले होते. ते धरण आजही उभं आहे.

यानंतर तमिळनाडूचं म्हणणं असं की दुरुस्ती झाली, आता पाणी पुन्हा वर चढवू द्या. केरळ म्हणतं, हे धरण आता सोडा, खालच्या अंगाला नवीन बांधू. २००६मध्ये सुप्रीम कोर्टाने १४२ फुटांना परवानगी दिली. केरळने लगेचच कायदा करून पातळी १३६वर बांधून टाकली. पुन्हा कोर्ट. माजी सरन्यायाधीश ए. एस. आनंद यांची समिती, तपासण्या, अहवाल. ७ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने धरण सुरक्षित मानून १४२ फूट कायम केले, केरळचा कायदा रद्द केला आणि देखरेखीला समिती नेमली.

कोर्टात निकाल लागला, पण त्याने झोप लागत नाही. हे मी हलक्यात लिहीत नाहीये. आमची आजी १९६१मध्ये पुण्यात शाळेत होती. १२ जुलैला पानशेत फुटलं, त्याच्या लोंढ्याने खालचं ऐंशी वर्षांचं खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. त्या दिवसाबद्दल आजी फार बोलत नाही. पण अजूनही पावसाळ्यात विसर्ग वाढवल्याची बातमी आली की ती टीव्हीचा आवाज मोठा करते. नदीपासून चार किलोमीटरवर, तिसऱ्या मजल्यावर राहून.

मुल्लपेरियारच्या खालीही दुसरं धरण आहे, इडुक्कीचं. तमिळनाडूचा युक्तिवाद असा की वरचं काही झालंच तर ते सगळं पाणी खालचं मोठं धरण पोटात घेईल. केरळला भीती वाटते पानशेत-खडकवासल्यासारख्या साखळीची. आकड्यांत कोण बरोबर हे ठरवायला मी इंजिनियर नाही. पण नकाशा बघितला की एक गोष्ट कळते. वंडिपेरियारसारखी गावं या दोन धरणांच्या मधे आहेत. पाणी इडुक्कीने पोटात घेतलं तरी ते तिथे पोचणार या गावांतूनच.

आणि हेही तितकंच खरं की धरण निव्वळ जुनं आहे म्हणून फुटत नाही. पानशेत तर पुरं बांधूनही झालं नव्हतं. मच्छू धरण दहा वर्षांचंही नव्हतं. जुन्या धरणाचा प्रश्न देखभालीचा असतो आणि मुल्लपेरियारची गोची नेमकी तिथेच आहे. जमीन केरळात, धरण चालवणार तमिळनाडू. १९७०मध्ये करार नवा केला, भाडं एकरी ५ रुपयांवरून ३० झालं, मासेमारी केरळकडे आली, पण ही अडचण तशीच राहिली. मुख्य भिंतीशेजारी एक छोटं पूरक धरण आहे, त्याला बेबी डॅमच म्हणतात. ते मजबूत करायचं तर तिथली पंधरा झाडं तोडायला हवीत. नोव्हेंबर २०२१मध्ये केरळच्या वनखात्याने परवानगी दिली. बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली. धरण असुरक्षित आहे असं म्हणणाऱ्यांनीच ते सुरक्षित करायचं काम अडवलं, असं तमिळनाडू म्हणतं. झाडं तोडू दिली की धरण पक्कं झालं म्हणून पातळी १५२ला न्यायची मागणी येईल, अशी केरळात भीती. दोघांचंही पटतं, हाच वैताग आहे.

मला पेनिक्विकचा फोटो लावणाऱ्यांचा राग येत नाही. पाण्याविना तीन पिढ्या काढलेल्या घरात ज्याने पाणी आणलं त्याला देव म्हणतील नाही तर काय म्हणतील? पण देवाने बांधलं म्हटलं की त्याच्या भिंतीत चुना किती उरलाय हे विचारणं पाप होऊन बसतं. पेनिक्विक स्वतः इंजिनियर होता. आपलं काम त्याने इंग्लंडच्या सिव्हिल इंजिनियर्सच्या संस्थेपुढे निबंध लिहून मांडलं होतं, म्हणजे बाकीच्यांनी ते तपासावं, चुका काढाव्यात म्हणून. बूझेचा धडा त्याच्या हाताशी दहा वर्षं आधी असता, तर त्याने हिशोब पुन्हा केला असता असं मला वाटतं. अर्थात हे माझं वाटणं.

२०१३मध्ये लोअर कॅम्पला त्याचं स्मारक झालं. २०२२मध्ये तमिळनाडू सरकारने थेट कँबर्लीत त्याचा पुतळा बसवला. दरवर्षी १५ जानेवारीला स्मारकापाशी गर्दी होते, सरकारी हार पडतात, मडकी उतू जातात.

तिथून घाट चढून कुमिळीमार्गे वंडिपेरियारला जायला फार वेळ लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लागला की दोन्हीकडची माणसं रोज एकच आकडा बघतात, धरणाची पातळी. १३८, १३९, १४०. कंबममध्ये आकडा चढला की दुसऱ्या पिकाचं ठरतं. वंडिपेरियारमध्ये आकडा चढला की कपडे आणि कागदपत्रं पिशवीत भरून ठेवतात.